सुमतीला आणायला मी पुन्हा मुंबईला गेलो

हे लिहू की नको असं करत चार महिने काढले. या सदरात येणारे अनुभव मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसतो. भुताखेतांवर माझा विश्वास तरुणपणी नव्हता आणि आज ऐंशी उलटली तरी नाही. मालवणच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली. शपथेवर बेधडक खोटं बोलणारी माणसं रोज समोर बघितली... आणि काही न बघता 'ह्या डोळ्यांनी बघितलंय साहेब' म्हणणारीसुद्धा. त्यामुळे कोणी असलं काही सांगू लागला की माझा ठरलेला प्रश्न — तू स्वतः काय बघितलंस? ऐकीव सोड.

आता तोच प्रश्न स्वतःला विचारून लिहितोय. जे माझ्यासमोर घडलं तेवढंच.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचं साल. एप्रिल महिना. माझं वय सत्तावीस, नोकरी नवी आणि डोक्यात हवा भरपूर. मॅट्रिकनंतर दोन वर्षं मी मुंबईत लालबागला एका छापखान्यात काम केलं होतं, म्हणून मुंबई आपल्याला पाठ आहे असा माझा समज. बायको शालन वीस वर्षांची, देवगडची. देवगड आणि मालवण सोडून तिसरं गाव तिने बघितलेलं नव्हतं. आमची पहिली मुलगी सुमती तेव्हा सात महिन्यांची होती. सुमती म्हणजे भोंगाच! भूक लागली की शेजारच्या वाडीपर्यंत कळायचं. माझी आई — आम्ही तिला आये म्हणायचो — म्हणायची, "ह्या चेडवाक देवान गळो दिल्यान तो चार पोरांचो." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

माझ्या चुलत भावाचं लग्न मुंबईला होतं. आम्ही तिघं मालवणाहून बोटीने गेलो. लग्न पार पडलं, परतीच्या बोटीला दोन दिवस होते. मी शालनला ऐटीत म्हटलं, चल, तुला मुंबई दाखवतो. ती इतकी खूश झाली की लग्नाचं लुगडंच पुन्हा नेसली.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तान्हं मूल परक्या जागी जमिनीवर निजलं, तर त्याला तिथून नुसतं उचलून न्यायचं नाही. ज्या जागेवर ते निजलं त्या जागेला हात लावायचा, मुलाचं नाव घ्यायचं आणि मोठ्याने म्हणायचं — चल, घराक चल. झोपेत मूल खेळायला बाहेर गेलेलं असतं म्हणे. हाक मारली नाही तर ते तिथेच खेळत राहतं आणि आपण नुसतं अंग घरी घेऊन येतो. हाक आईने मारायची नाहीतर बापाने. दुसऱ्या कुणाची चालत नाही. आमच्या घरात हे सगळे करायचे, पाणी पिण्याइतकं सहज. मी मात्र मॅट्रिक झालेला. मला ते ऐकलं की कानकोंडं व्हायचं.

सकाळी गेटवे बघितलं. समुद्र बघून शालन म्हणाली, "ह्यो तर आमचोच." तिथल्या कठड्याजवळ सुमती शालीवर निजली. निघताना शालनने दगडाला हात लावला आणि खणखणीत आवाजात, "सुमती, चल गो, घराक चल!" शेजारी दोन कॉलेजातली पोरं उभी होती, ती फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ट्रामने राणीच्या बागेत. हत्ती, वाघ, माकडं बघून झाडाखाली डबा खाल्ला, सुमती पुन्हा निजली आणि पुन्हा तोच प्रकार.

"अगो, लोक बघतत," मी दात-ओठ खात म्हणालो. "मुंबई आसा ही."

"बघूंदेत. तेंचा काय जाता?" म्हणत ती हसत होती. त्या दिवशी तिला सगळ्याचंच हसू येत होतं.

तिथून जवळच लालबाग. माझा जुना दोस्त वसंता अजून त्याच छापखान्यात होता. मी ठरवलं, त्याला भेटून येऊ. छापखान्यात बाई-मूल कुठे न्यायचं? समोरच्या एका इमारतीची रुंद पायरी होती, तिथे शालनला बसवलं. म्हटलं, "हंयसर बस, हलू नको. धा मिनटात येतंय."

वसंता भेटला. इराण्याकडे चहा झाला, मग दुसरा चहा, मग जुने दोघे-तिघे जमले, क्रिकेट निघालं... मी परत आलो तो दीड तासाने. पायरीवर कोणी नाही.

पाच मिनिटं मी कुत्र्यासारखा इकडून तिकडे धावलो. आणि मग बाजूच्या बोळातून शालन धावत येताना दिसली. पदर घसरलेला, तोंड लाल, खांद्यावर झोपलेली सुमती. जिवात जीव आला म्हणजे माणसाने काय करावं? मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडलो. "खंय मेललंस? हंयसर बस म्हणान सांगललंय मां?"

"त्या दरवानान माका उठयल्यान," ती धापा टाकत म्हणाली. "चेडू भुकेन रडा होता. आत एका बायकेन घरात घेतल्यान... तुमी इल्यार माका बघतलास म्हणान तशीच धावत इलंय. अवो, एक मिनिट थांबा. हाक मारूची रवली. माका परत जावक व्हया."

माणसं थांबून बघत होती. दीड तास बायकोला रस्त्यावर बसवून ठेवल्याची शरम मला वाटत होती, आणि शरम वाटली की मी चिडतो — हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "हाक-बिक काय नाय. ट्राम इली, चल." तिचं कोपर धरून तिला ट्राममध्ये चढवली. ती वळून त्या बोळाकडे बघत होती. ट्राम वळेपर्यंत बघत होती.

सुमती संध्याकाळी उठली, रडली नाही. रात्री रडली नाही. दुसऱ्या दिवशीही गप्प. मला बरंच वाटलं की हो! परतीच्या बोटीवर बायका म्हणाल्या, किती गुणाचं पोर. शालन तेव्हापासूनच घाबरलेली होती, पण मला काही बोलली नाही.

पहाटे मालवणला उतरलो. दारात आयेने सुमतीला माझ्याकडून घेतलं, तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्या असा कित्याक बघता?"

डोळे उघडे होते. आये समोर आली तरी ते आयेवर येत नव्हते. टाळी वाजवली, खुळखुळा वाजवला — काही नाही. दार उघडं आणि घरात कोणी नाही, तसे ते डोळे. छातीला लावली तर ओढत नव्हती. बोंडल्याने घशात दूध सोडलं तर निम्मं आत जायचं, निम्मं ओठांच्या कडेने बाहेर.

आमचे डॉक्टर भला माणूस. दोन वेळा घरी येऊन गेले. ताप नाही, छाती साफ, कानात काही नाही. ग्लुकोजचं पाणी द्या म्हणाले. चौथ्या दिवशी मला अंगणात नेऊन हळूच म्हणाले, "मिरजेला दाखवायला हवं. पण या अंगाला घाटातला प्रवास झेपणार नाही. थोडी ताकद येऊ दे, मग न्या." ताकद कुठून येणार होती? सुमतीची टाळू खोल जात चालली होती. मांडीवर घेतली की पोर घेतल्यासारखं वाटायचंच नाही. आणि घरात शांतता... मी त्या पोरीच्या रडण्याला किती वेळा वैतागलो होतो! आता भांडं पडलं तरी सगळे तिच्याकडे बघायचे. पण ती काही दचकायची नाही.

आठवड्याने आयेने शालनला समोर बसवलं. "मुंबयक खंय खंय निजली ती? सगळी जागा सांग."

शालनने भिंतीकडे बघत एकेक जागा सांगितली. शेवटी लालबाग. कोणी हाक मारू दिली नाही, ते तिने सांगितलं नाही. पण आयेला ते सांगावं लागत नव्हतं. तिने माझ्याकडे मान वळवली.

"शिरा पडो तुझ्या शिक्षणार! चेडू थंय ठेवन इलंस आणि नुसती कुडी हंय घेवन इलंस!"

मी भांडलो. अडाणीपणा, अंधश्रद्धा, मेंदूचं काहीतरी असेल — तोंडाला येईल ते बोललो आणि कोर्टात निघून गेलो. दोन दिवस मी आयेशी धड बोललो नाही. ते दोन दिवस आठवले की आजही मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टाचे कपडे घालत होतो. शालन आली आणि सुमतीला माझ्या हातात देऊन उभी राहिली. मुंबईहून आल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"माका वाट ठावक नाय," ती म्हणाली. "नायतर मीच गेली आसतंय. तुमका लाज वाटत आसात तर सांगा, माका बोटीर बसवा. मी इचारीत इचारीत जातंय. पण मग हिच्या तोंडात दूध कोण घालतला, ता तुमी बघा."

मी सुमतीकडे बघितलं. तिच्या डोळ्यावर माशी बसली होती, आणि पोर पापणी मिटत नव्हती.

मी म्हटलं, "जागा कशी होती, ती सांग."

"पायरेच्या उजवेक बोळ. मगे आजून एक बोळ, बारीक. पाण्याचो नळ. हिरवा दार. थंय बायकामाणसां मिरच्यो कांडीत होती. एका बायकेन गोणीर फडकी घालून चेडवाक निजयल्यान." तिने सुमतीच्या डोळ्यावरची माशी हाकलली. "चांगली होती ती बाय."

साहेबांनी रजा दिली. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, वाईट काही झालं तर चुलत भावाच्या पत्त्यावर तार करा. आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या बोटीत एका पेटीला टेकून मी मुंबईला गेलो. एक डुलकीसुद्धा लागली नाही. माझा विश्वास बसला होता का? मुळीच नाही. बुडणारा माणूस गवत धरतो तेव्हा गवतावर त्याचा विश्वास थोडाच असतो? दुसरं काही हाताला लागत नसतं, एवढंच.

भाऊच्या धक्क्यावरून तडक लालबाग. ती पायरी सापडली, उजवीकडचा बोळ सापडला. पण बोळातून पुढे बारीक बोळ एक नव्हता, पाच होते. प्रत्येकात नळ. हिरवी दारं विचारू नका, मोजून दमलो. मिरच्या कांडणाऱ्या बायका कुठे असतात, विचारत फिरलो. उन्हाळ्यात मसाल्याचे दिवस, त्यामुळे ज्याला विचारावं तो वेगळीकडे बोट दाखवी. तीन ठिकाणी गेलो. "पंधरवड्यापूर्वी एक बाई तान्हं मूल घेऊन इथे आली होती का?" बायका एकमेकींकडे बघून नाही म्हणत. एकीने विचारलं, "बायको पळून गेली काय?" आणि सगळ्या हसल्या. दिवस मावळला, कांडप बंद झालं.

चुलत भावाच्या घरी गेलो नाही. तिथे तार येऊन पडली असेल तर? न जाता जितका वेळ राहीन तितका वेळ सुमती जिवंत आहे, असं काहीतरी डोक्यात होतं. धक्क्यावर मालवणच्या माणसांच्या गर्दीत एका खांबाला टेकून पडलो. सकाळी समोरून आमची बोट सुटली, मी तिला जाताना बघितलं आणि पुन्हा लालबागला गेलो.

दुपारी बाराच्या सुमाराला मला सटासट शिंका आल्या. एका बोळाच्या तोंडाशी मी उभा होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आतून मुसळांचा आवाज येत होता. धूप धूप, धूप धूप. नाकाला धोतराचा सोगा लावून आत गेलो. नळ होता. दाराचा हिरवा रंग उडून गेलेला होता, म्हणून काल मी ते दोनदा ओलांडून गेलो होतो.

आत लांबट ओसरीसारखी जागा. तीन बायका उखळांवर उभ्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. भिंतीला मिरच्यांची पोती. मी प्रश्न अर्धाच विचारला असेल, तेवढ्यात त्यांतल्या थोराड बाईने मुसळ भिंतीला टेकवलं आणि तोंडावरचं फडकं खाली केलं.

"मालवनची पोरगी? मोठ्या डोळ्यांची?" ती म्हणाली. "तू तिचा दादला व्हय? आन बाळ कसं हाय?"

बाई साताऱ्याकडची होती. मी नुसती मान हलवली. तिने बाकीच्या दोघींकडे बघितलं.

"म्या म्हनत हुते ना?" ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "त्या दिसापास्नं हितं पोर रडतंय बाबा. दुपारी भाकरी खायाला आमी मुसळं ठिवली, जागा गप झाली, की सुरू. ह्या कोपऱ्यात. पयलं वाटलं माडीवरचं आसंल. माडीवर म्हातारा-म्हातारी ऱ्हात्यात, पोर न्हाई. आमच्यात चौथी हुती ती भिऊन काम सोडून गेली. आमी भाकरी भाईर बसून खातो आता."

मी माझ्या कानांनी रडणं ऐकलेलं नाही, हे स्पष्ट लिहितो. मी गेलो तेव्हा मुसळं चालू होती, आणि थांबली तेव्हा आम्ही बोलत होतो. पण त्या बाईला सुमतीचं काय झालंय ते मी अजून सांगितलेलं नव्हतं, हेही तितकंच स्पष्ट लिहितो.

कोपऱ्यात एक रिकामी गोणी घडी करून ठेवली होती. "हितं निजलं हुतं," ती म्हणाली.

मी गुडघे टेकले. गोणीखालच्या फरशीला हात लावला. आणि सांगतो काय, आवाज फुटेना! कोर्टात शंभर माणसांसमोर खणखणीत पुकारा करणारा मी... तीन बायका बघतायत, दारात कोणी दोघे येऊन उभे राहिलेत, आणि माझ्या तोंडातून निघालं ते "सुमती, चल, घरी चल." अगदी अर्ज वाचल्यासारखं. ते कुणी ऐकलं असतं? मग मला ती पापणीवरची माशी आठवली. मी रडायलाच लागलो. रडत रडत ओरडलो, "सुमती! बाय माझे, चल गो, घराक चल! बापूस इलो हा गो तुझो. चुकलंय मी. चल गो, चल घराक..." किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. बोळात आवाज घुमत होता आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती.

उठलो तेव्हा डावा हात छातीशी दुमडलेला होता. मी तो मुद्दाम दुमडला नव्हता. त्या बाईने स्वतःचं धुतलेलं फडकं आणलं आणि त्या हातावर पांघरलं, अगदी हलक्या हाताने.

"डोळ्यात जाईल तिच्या," ती म्हणाली. "मिर्चीचा खकाना लई हाय."

बाकीच्या दोघींनी वाटेतली पोती बाजूला ओढली आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, अंगाला अंग लागू नये म्हणून. मूल घेतलेल्या माणसाला देतात तशी त्यांनी मला वाट दिली.

हे वाचून तुम्ही हसत असाल तर हसा. मीही हसलो असतो. पण त्यानंतर तो हात खाली सोडायचा मला धीर झाला नाही. ट्राममध्ये नाही, धक्क्यावर नाही. प्रत्येक वळणावर, बोटीच्या फळीवर पाय ठेवताना, मी हाक मारत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सुटली, डेकवर दाटी होती. माझ्या शेजारी देवगडला उतरणारी एक म्हातारी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, उन्हाला हात आडवा धरून बघायची. जयगडच्या पुढे कुठेतरी तिने आपलं बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली.

"पाय पसर रे बाबा. कदीपासून घेवन बसलंस." मग फडक्याकडे वाकून म्हणाली, "झील काय चेडू?"

मी म्हणालो, "चेडू."

"निजला बापडा," ती म्हणाली.

तिला नीट दिसत नव्हतं, हे मी वर लिहिलंच आहे. तीन रात्री मला झोप नव्हती, हेही खरं.

पहाटे मालवण. पडावातून किनाऱ्याला लागलो. तार आली होती की नाही मला ठाऊक नव्हतं. घराच्या वळणावर माणसं जमलेली दिसतात का, ते आधी बघितलं. कोणी नव्हतं. अंगणात रांगोळी नव्हती, दार उघडं होतं. आत शालन सुमतीला मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर आये. सुमती होती. श्वास होता. पण तशीच... डोळे आढ्याला लावलेले, ओठ सुकून पांढरे पडलेले. पाच दिवसांत आणखी एवढीशी झालेली.

सगळं संपलं असं मला वाटलं. मी मूर्खासारखा रिकामा हात दुमडून दारात उभा, आणि माझी पोर मरतेय. मी आयेला म्हणालो, "आये, काय झाला नाय गो. काय उपेग झालो नाय."

आये म्हणाली, "अजून खंय दिलंस तिका? खाली ठेव."

मला समजेना. तिने माझं कोपर धरून मला शालनसमोर बसवलं. "ठेव. सावकाश ठेव."

मी वाकलो. मूल ठेवताना आपण वाकतो तसा, आधी कोपर, मग मनगट. हात सुमतीच्या अंगावरून काढून घेतला. फडकं तिच्यावर राहिलं.

क्षण, दोन क्षण काही नाही. मग तिची पापणी मिटली. पुन्हा उघडली. तिने शालनकडे बघितलं — शालनकडे, भिंतीकडे नाही — ओठ वाकडे केले, आणि जी किंचाळली! बारीक, चिरका, दुबळा आवाज, पण शेजारची माणसं धावत आली. शालनने तिला छातीशी घेतली तर ती ओढायला लागली. ओढता ओढता ठसका लागायचा, मग रडायची, पुन्हा ओढायची. आये उठून देवासमोर गेली आणि तिथेच बसून राहिली.

डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "कधीकधी होतं असं. मेंदूवरची सूज आपोआप उतरते." मी त्यांना बोटीवरच्या म्हातारीचं सांगितलं. ते म्हणाले, तिला दिसत नव्हतं आणि तुम्ही झोपला नव्हता. बरोबर आहे. कांडणाऱ्या बायकांचं सांगितलं. ते म्हणाले, चाळीत कुठून तरी रडण्याचा आवाज येतोच. तेही बरोबर आहे. पुढे कधी मुंबईला गेलो की मी त्या बाईला आंबे नेऊन द्यायचो. ती म्हणायची, त्या दुपारनंतर तिथे कधी काही ऐकू आलं नाही. यावर डॉक्टरांना काही विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मी स्वतःच सांगू शकतो. कोर्टात हा पुरावा एका मिनिटात फेटाळला गेला असता. मीच फेटाळा म्हटलं असतं. सुमतीला आता नातवंडं आहेत, आणि आवाज अजून तसाच आहे.

त्या दिवशी दुपारी सुमती पोटभर पिऊन निजली. मी ओसरीवर पडलो होतो. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकत होता, वर उचलता येत नव्हता. मी कुणाला काही बोललो नव्हतो. शालन वाटीत खोबरेल कोमट करून घेऊन आली, माझ्या डाव्या बाजूला बसली आणि दंडापासून तेल चोळायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"जड झाला आसतला तुमका. मुंबैसून हंयसर म्हणजे काय कमी वाट आसा?"